शेडमधला लाल दिवा

"घर म्हणजे काय गं? चार भिंती आणि वायरिंग! उद्या सही ठोकतो आणि मागे वळूनसुद्धा बघत नाही," करंटकाकांनी लेकीला ठणकावून सांगितलं. आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन बोर्डावरचं एक बटण गुपचूप खोलायला लागले.

"बाबा! तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आधी," लेक मागे उभीच होती. "करारात काय लिहिलंय? भिंतीला जे जे पक्कं, ते सगळं घराबरोबर जाणार. तेही चालू स्थितीत."

"अगं, हे बटण कशालाच लागत नाही."

हे साफ खोटं. जन्मभर लोकांच्या घरात दिवे लावत फिरलेल्या काकांनी ते बटण नव्या संसारात हौसेने बसवलं होतं. दाबलं की अंगणापलीकडच्या शेडमध्ये, त्यांच्या कामाच्या टेबलावर लाल दिवा लागायचा. बोट काढलं की विझायचा. बायकोने दोनदा दाबलं, तर चहा. तीनदा दाबलं, तर पाहुणे आलेत, शर्ट घालून या. आणि दाबूनच धरलं, तर काका हातातलं काम टाकून आपलं काय चुकलं ते आठवायला बसायचे.

ती गेली आणि दिवा कायमचा विझला. लागणार कसा? दाबायचं इथे, बघायचं तिथे, आणि माणूस एकटा. एकदा, फक्त एकदा तो लागलेला बघायचा होता, आणि सही उद्यावर आली होती. लेकीला "जरा दाब गं" म्हणावं, तर मघाची फुशारकी आडवी येत होती.

घर घेणारं जोडपं शेवटचं बघून जायला यायचं होतं. लेक त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेली मात्र, काकांनी बटण दाबलं, त्यावर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारल्या आणि बनियनवरच शेडकडे धूम ठोकली.

दिवा लागला होता. लालभडक, ढिम्म न हलता. म्हणजे बाईसाहेब भयंकर चिडल्या होत्या.

"हो, हो, चुकलं माझं," काका स्टुलावर टेकत म्हणाले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्यावर रागावलं होतं! त्या सुखात वाऱ्याने दार लोटलं आणि बाहेरची कडी खटकन पडली, हे त्यांना कळलंही नाही. ती कडी पहिल्यापासून तशीच. दर वेळी बायको येऊन काढायची, बडबडत.

अंगणापलीकडून, स्वयंपाकघरातून, घर घेणाऱ्या बाईंचा आवाज आला. "अय्या, या बटणाला बँडेज कशाला?"

"बाबांचं काहीतरी असेल. काढून टाका."

दिवा विझला. काका स्टुलावरून ताडकन उठले.

मग दिवा लागला. विझला. लागला. विझला. लागला. विझला.

तीनदा.

"आलो, आलो गं!" काका ओरडले. सवयीने हात खिळ्याकडे गेला. शर्ट नव्हता; शर्ट सगळे खोक्यात भरले होते. दार ढकललं, तर हलेना. "अगं, कडी काढ की!" म्हणत त्यांनी सगळं अंग झोकून दाराला खांद्याने धक्का दिला.

भिंतीला पक्कं असलेलं दार बिजागऱ्यांसकट अंगणात पडलं, आणि दारावर काका.