ओटीतले बताशे

नर्मदेला कुणी जाडी म्हटलं की बन्सीचं डोकं फिरायचं. आता म्हणायचं कुणी, तर नळावरच्या बायांनी, आणि त्यांच्याशी भांडायला पुरुषमाणसाने जायचं तरी कसं? म्हणून तो घरात येऊन तिच्यावरच करवादायचा, "तू गप का बसतीस? दोन शब्द सुनवायचे की." नर्मदा हसायची. हसलं की तिला धाप लागायची. मग भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "सुनवायला दम लागतो हो. तो कुठून आणू?"

दोघं संगमनेरकडची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा बन्सी खलाशांच्या टोळीत लागला, अवजड यंत्रं साखळ्या लावून वर चढवायच्या कामावर. सालवडला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यात घाटावरची दहा-बारा बिऱ्हाडं राहायची. एकुलती मुलगी सिन्नरला नांदत होती, त्यामुळे इथे नवराबायको दोघंच. मुलीच्या बाळंतपणापासून नर्मदेचं अंग सुटलं ते सुटतच गेलं होतं. पण या वर्षात तिचं सगळं बळच कुणी काढून नेल्यासारखं झालं. भाकरी थापता थापता हात गळायचे. नळावरून हंडा आणायचा तर वाटेत दोनदा खाली ठेवायची. त्यातच बेंबीशी एक गाठ आली होती, खोकलं की लिंबाएवढी बाहेर यायची.

बन्सीने तिला पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मनुष्य शांत होते, समजावून सांगणारे.

"आतडं बाहेर येतंय," ते म्हणाले. "ऑपरेशन करून शिवावं लागेल, नाहीतर एखाद दिवशी ते तिथंच अडकेल आणि जिवावर बेतेल. पण एवढ्या वजनावर मी भूल देणार नाही. शिवाय यांना मधुमेह आहे. आधी सत्तर किलोच्या आत या. घाई नको. गूळ-साखर बंद, भात बंद, भाकरी अर्धी, रोज थोडं चालायचं. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ झालं. ही गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि गोळी घेतली की पोट रिकामं ठेवायचं नाही."

मग बन्सीकडे वळून म्हणाले, "घाम फुटला, हातपाय कापायला लागले, काहीबाही बोलायला लागल्या, माणूस ओळखेनाशा झाल्या, तर आधी तोंडात साखर घाला. मग मला शोधा."

बन्सीने मान हलवली. साखर बंद करा आणि साखर घाला, दोन्ही एकाच दमात सांगितलेलं. घरी येईतो त्याच्या डोक्यात पहिलंच तेवढं पक्कं बसलं.

घरी आल्या आल्या त्याने साखरेचा डबा उचलला आणि शेजारच्या मैनाबाईला देऊन टाकला. मैनाबाई म्हणजे ओळीतली सगळ्यांत वडील बाई. कुणाच्या घरी काय शिजलं हे वासावरून सांगणारी, पण अडीनडीला पदर खोचून धावणारी. "साखर ठेव तुझ्याकडं," बन्सी म्हणाला, "आणि हिनं मागितली तरी द्यायची नाही." मैनाबाईने ते व्रतासारखं पाळलं.

बन्सीनेही आपल्या परीने एक पाळलं. त्याच्या ताटातलं उरलेलं नर्मदा खायची. अन्न टाकवत नाही म्हणून स्वतःचं जेवण झालं तरी खायची. तेव्हा तो ताट बोटाने पुसून घ्यायला लागला. भूक नसली तरी शेवटचा घास संपवायचा. नर्मदेला ते कळायचं.

वजन करायला काटा कुठला? बोईसरच्या वाटेवर गवताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांना जायच्या गवताच्या गाठी तिथल्या मोठ्या काट्यावर मोजायचे. मुकादम दिनानाथ इकडचाच, तोंडाळ पण मनाने चांगला. पहिल्या दिवशी नर्मदा चढायला लाजली तेव्हा म्हणाला, "चडा वयनी. आमी गाठी मोजतो, गाठीला कदी लाज वाटली नाय." त्यालाही बन्सीने डोळे वटारून दाखवले.

उन्हाळाभर अर्धी भाकरी खाऊन काटा जरा हलला. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, अगदी सावकाश. नर्मदेला धीर धरवेना. गाठ आता लिंबाची पेरूएवढी झाली होती, रात्री ठणकायची. तिने सोमवार धरला, मग गुरुवार धरला. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. पुढल्या वेळी काटा खाली उतरायचा तो चक्क वर गेला. दिनानाथने टोपी मागे सारली. "वयनी, तुमचा देव लय खायला घालतो."

ती त्या दिवशी वाटभर रडली. रस्त्याच्या कडेला तिला बसवून बन्सी शेजारी उभा राहिला. "मी अशीच मरणार," ती म्हणाली. "ह्या गाठीनं नाहीतर ह्या अंगानं." पस्तीस टनांचं यंत्र हालू न देता चढवणारा माणूस, आणि बायकोच्या अंगावरचं थोडंसं ओझं त्याला उतरवता येत नव्हतं.

नवरात्र आलं. मैनाबाईच्या खोलीत दर वर्षी ओळीचे घट बसायचे. नर्मदा एरवी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तेवढा उपास करायची. या खेपेला ती म्हणाली, "नऊ दिवस धरते. साबुदाणा नाही, रताळं नाही. सकाळी वाटीभर दूध, मूठभर शेंगदाणे, संध्याकाळी तेवढंच. देवीचंही होईल आणि माझंही."

बन्सीला पोट रिकामं ठेवू नका हे आठवलं, नाही असं नाही. पण उपास म्हणजे काही उपाशी राहणं नव्हे. आई उपास करायची, आजी करायची, कुणाचं काय झालं? दूध आहे, शेंगदाणे आहेत. आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर हुरूप दिसत होता. "कर की," तो म्हणाला.

औषधाने उपास मोडत नाही हे मैनाबाईने सांगितलं होतं, म्हणून गोळी मात्र ती वेळच्या वेळी घ्यायची. डॉक्टरांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही.

दिवसामागून दिवस ती उतरत गेली. गाल बसले, बांगड्या हातात सैल झाल्या. उठताना अंधारी यायची, बोलता बोलता शब्द हरवायचा. पण बाया म्हणायच्या, "नर्मदे, तेज आलंय गं तुझ्या तोंडावर," आणि तिलाही ते खरं वाटायचं. बन्सीलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. तो कामावर सोबत्यांना सांगत सुटला, दिवाळीच्या आत ऑपरेशन होणार.

अष्टमीला सकाळी कामावर जाता जाता त्याने तिला वखारीवर नेलं. दिनानाथने दोनदा मोजलं. एकाहत्तर.

"एकच राह्यला वयनी," तो म्हणाला. आज त्याने चेष्टा केली नाही.

नर्मदा काट्यावरून उतरली. तिचे डोळे असे चमकत होते की बन्सीला लग्नातली नर्मदा आठवली. "आज आणि उद्या," ती म्हणाली, "मग सुटले." तो कामाला गेला आणि ती घरी. घरी जाऊन तिने गोळी घेतली, आणि दूध मैनाबाईच्या मांजरीला घातलं. शेंगदाणे डब्यातच राहिले. संध्याकाळी तिने दुसरी गोळी घेतली. हे सगळं मागाहून कळलं.

दिवेलागणीला बन्सी परतला तेव्हा मैनाबाईच्या दाराशी चपलांचा ढीग होता आणि आत बाया गप्प झालेल्या. तो डोकावला. घटापुढे नर्मदा बसली होती. केस सुटलेले, सगळं अंग घामाने निथळत होतं, चोळी पाठीला चिकटलेली. ती पुढेमागे डुलत होती आणि हात थरथर कापत होते. घशातून ओळखू न येणारा आवाज निघत होता.

"द्या," ती म्हणत होती. "द्या ना. द्या."

"काय देऊ आई?" मैनाबाई हात जोडून विचारत होती. "चुकलं असंल तर पदरात घे. काय देऊ?"

"द्या."

मैनाबाईने तिच्या कपाळी मळवट भरला. बायांनी एकामागून एक ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, वर बताशे. मांडी भरली तशा ओट्या पायाशी ठेवायला लागल्या. पांढऱ्याशुभ्र बताशांचा तिच्या पायाशी ढीग झाला. नर्मदेने एकदा त्यांच्याकडे हात नेला, पण हात भलतीकडेच गेला आणि समई कलंडता कलंडता राहिली. बाया मागे सरकल्या.

बन्सी दारातच थिजला होता. मैनाबाईने त्याला दंडाला धरून पुढे आणलं. "बन्सी, देवी आलीय तुझ्या घरात. बायको म्हणून बघू नको. पाया पड आणि कौल माग. असा योग परत यायचा नाही."

नर्मदेने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं परक्यासारखं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला वाटलं, खरंच, ही नर्मदा नव्हे. तो गुडघ्यांवर बसला. बताशे बाजूला सारून त्याने तिच्या पावलांवर डोकं टेकलं. पावलं बर्फासारखी गार आणि ओली होती.

"आई," तो म्हणाला, "माझ्या नर्मदेला वाचव. तिचं ऑपरेशन होऊन जाऊ दे."

नर्मदेची मान पुढे झुकली, वर आली, पुन्हा झुकली.

"हो म्हणाली," मैनाबाई म्हणाली. बाया गलबलल्या. बन्सीला रडू फुटलं. एवढा मोठा गडी, पण लेकरासारखा हुंदके देऊन रडला, आनंदाने. मग आरती सुरू झाली. त्यानेही टाळ्या धरल्या.

आरती लांबली. शेवटच्या कडव्याला नर्मदा कुशीवर कोसळली, आणि हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. तोंडाला फेस आला. कुणी म्हणालं, देवी निघाली. त्या क्षणी बन्सीच्या डोक्यात डॉक्टरांचा दुसरा शब्द लख्ख उभा राहिला, घाम, कापरं, बडबड, ओळख. सगळं. त्याने मूठभर बताशे उचलले आणि तिच्या तोंडात कोंबायला लागला, पण दातखीळ बसली होती. बताशे तिच्या गालावर चुरडले गेले.

"अरे देवीची ओटी ती," मैनाबाई म्हणाली, "तिला हात लावू नये."

त्याने मैनाबाईला ढकललं. जन्मात पहिल्यांदा त्याने बाईमाणसावर हात उगारला.

कामावरचा ट्रक मिळेपर्यंत, पालघर येईपर्यंत बराच वेळ गेला. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी नर्मदेने डोळे उघडले, पण डोळ्यांपलीकडे कुणी नव्हतं. डॉक्टर बन्सीला बाहेर घेऊन गेले. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, ते म्हणाले, जे गेलं ते परत यायचं नाही. बन्सीने विचारलं, "आणि ऑपरेशन?" डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

तेव्हापासून ती बाजेवर आहे. भरवलं तर गिळते, नाही भरवलं तर मागत नाही. अंग असं झडलं की होळीच्या सुमारास डॉक्टरांकडे न्यायचं झालं तेव्हा बन्सीने तिला एकट्याने उचलून घेतलं. वखारीपुढून जाताना दिनानाथने काट्याकडे पाहिलं नाही, टोपी काढून उभा राहिला. नळावर बाया म्हणाल्या, किती बारीक झाली बिचारी.

दर मंगळवारी त्या ओटी घेऊन येतात. देवी हिच्यातून अजून गेलेली नाही असं मैनाबाईने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, तिला स्वतःलाही तेच खरं वाटायला हवं आहे. पहिल्या वेळी बन्सीने नारळ अंगणात भिरकावला होता. आता तो कुणाला अडवत नाही, अडवून तरी काय करणार? फक्त ओटीतला पहिला बताशा तो उचलतो, नर्मदेच्या ओठांत ठेवतो, आणि तो पुरता विरघळेपर्यंत कुणाला तिच्या पाया पडू देत नाही.