खोक्याच्या मागची ओळ

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. पत्रे आणि प्रबंध लिहिण्याचे सॉफ्टवेअर माझ्यात भरलेले आहे. हल्ली माझ्यावर चहाचा कप ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

कारखान्यातून निघताना माझ्या अंगावर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'एकदा घ्या, कायम वापरा'. त्या अक्षरांचा मला भारी तोरा होता.

मला टायपिंगकाकूंनी विकत घेतले. त्या घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून देत. सून म्हणाली होती, "आई, वर्गणीचं घ्या. दरवर्षी पैसे जातील, पण मशीन बदललं तरी ते सोबत येतं."

"जन्म गेला भाड्याच्या खोल्यांत. आता लिहायचंही भाड्यानं? हे एकदा आणलं की आपलं."

"बघा हं. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका."

पुढे कितीतरी प्रबंध झाले. ना कधी समास चुकला, ना तक्ता हलला. काम करायची मशीनमध्ये उतरवलेली माझी प्रत. मी मात्र मऊ कापडात गुंडाळून कपाटात. काकू मला आणि माझ्या खोक्याला जपून पुसत, नातवाला हात लावू देत नसत. "मूळ माल आहे तो!" म्हणत. मी सुखावत असे.

एका दुपारी मशीनमधून जळका वास आला आणि पडदा काळा झाला. शेजारी नर्सिंगची विद्यार्थिनी बसली होती. तिला संध्याकाळच्या आत प्रबंध द्यायचा होता. फाइल तिच्या पेनड्राइव्हवर शाबूत होती, पण शेवटच्या प्रकरणातल्या दुरुस्त्या बाकी होत्या. ती रडू लागली.

"रडतेस काय वेड्यासारखी? मूळ माल माझ्या कपाटात आहे," काकू म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याने दुसरे मशीन आणून जोडले. काकूंनी मला कापडातून काढले. अंगावर एक ओरखडा नव्हता. मला नव्या मशीनमध्ये घालून खोक्यावरचा क्रमांक टाइप केला. पडद्यावर उत्तर आले, 'हा क्रमांक दुसऱ्या मशीनचा आहे.'

दुरुस्तीवाल्याने खोके उलटे केले. तळाशी मुंगीएवढी ओळ होती: वापर फक्त पहिल्या मशीनपुरता. "काकू, ते मशीन गेलं, तिथं हिचं 'कायम'ही संपलं."

काकूंनी चष्मा लावून ओळ वाचली. मग त्या मुलीला म्हणाल्या, "इतकी वर्षं खोकं पुसलं, उलटून कधी पाहिलं नाही. चुकलं गं माझं."

मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती ओळ माझ्या खोक्यावर होती, आणि माफी त्या मागत होत्या.

सून टोमणा मारू शकली असती. तिने निमूटपणे वर्गणी भरायला घेतली.

"थांब," काकू म्हणाल्या. "वर्गणी बंद केली तर माझ्या पानांचं काय?"

"वाचता येतील, आई. बदलता येणार नाहीत."

"कुठं लिहिलंय?"

"खाली. बारीक अक्षरांत."

"मग मोठ्यानं वाच. सगळं."

सुनेने सगळ्या अटी वाचल्या, काकूंनी हुं हुं करत ऐकल्या, मगच पैसे भरू दिले. प्रबंध वेळेत गेला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण जपण्याआधी ती उलटून पाहा, आणि ती कशापुरती आपली आहे ते वाचा. ओल्या कपाने माझ्यावरचा 'कायम' हा शब्द आता पुसत आला आहे. काकू कप ठेवतात, तेव्हा मी मनात म्हणते, अजून थोडा दाबा.