रोक्काल्ता खचलं तेव्हा

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंग शहराच्या मागच्या कड्याखाली जी घरं खचत चालली होती, तिथल्या माणसांना घर सोडायला सांगायचं काम यतिनच्या गळ्यात पडलं होतं. तो मूळचा पुण्याचा, जमीन तपासणारा इंजिनिअर. उतारावर यंत्रं लावणं, आकडे वाचणं त्याला आवडायचं. माणसांची तोंडं वाचणं नाही. त्या आठवड्यात दोघे त्याच्या अंगावर ओरडले होते, एक बाई रडली होती. फिलोमेनाच्या दारात तो उभा राहिला तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नव्हतं.

पंच्याऐंशीच्या घरातली फिलोमेना वाद घालायच्या भानगडीत पडली नाही. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली आणि आपल्या गावाची गोष्ट काढली. इटलीच्या दक्षिणेला, डोंगराच्या अरुंद धारेवर रोक्काल्ता वसलं होतं. शत्रू चढून येऊ नये म्हणून कुणा सरदाराने जागा निवडलेली. घराला घर चिकटलेलं, सगळ्यात वर चर्च, पायथ्याशी नदी. धार दगडाची, पण तिच्या पोटात चिकणमाती. गावाने शेकडो वर्षं शत्रू अडवले, पाणी मात्र अडवता आलं नाही. फिलोमेना लहान असताना एक इंजिनिअर आला, गावची वाईन प्यायला आणि एवढ्यात काही होत नाही म्हणून गेला. त्याच हिवाळ्यात खालची आळी नदीत गेली. त्या आळीत तिचे वडील होते. पुढे सरकारने सपाटीवर सरळ रस्त्यांचं नवं गाव बांधून दिलं, पण तिथे कुणाचा जीव रमेना. तरणी माणसं इकडे, वॉलॉंगॉंगजवळच्या पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात आली. त्यांतच तिचा नवरा.

"तो इंजिनिअर फार गोड बोलायचा," ती म्हणाली. "तू सरळ सांग."

यतिनने कप खाली ठेवला. "माझी आई इथे राहत असती, तर मी तिला पुढच्या मोठ्या पावसाआधी हलवलं असतं."

फिलोमेना शहरातल्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेली. पाऊस आला, चांगला धो धो आला. शेजारचा रस्ता तडकला. तिचं घर मात्र जागचं हललं नाही. यतिन आकडे घ्यायला उतारावर जायचा आणि त्या बंद खिडक्यांकडे बघायचं टाळायचा. शेवटी एका दुपारी न राहवून तो तिच्या फ्लॅटवर गेला आणि घर अजून उभं असल्याचं सांगून मोकळा झाला. माफी मागायची की नाही, हे त्याचं ठरलं नव्हतं.

फिलोमेना पावट्याच्या शेंगा सोलत होती. "रोक्काल्ताची वरची आळीसुद्धा उभी आहे," ती म्हणाली. "म्हणून तिथे कुणी झोपायला जातं का?"

घराची आठवण येते का, असं त्याने विचारलं. रोज येते, म्हणाली. तोही शेंगा सोलू लागला. मग जरा सोफ्यावर टेकला, तो तिथेच झोपला. तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि त्याला उठवलं नाही.