झोळीच्या काठावरची मूठ

तसं पाहिलं तर मी नुसती एक जुनी झोळी आहे, मित्रांनो. झोळी म्हणवून घेण्याइतकंही माझ्यात काही नाही. मला ना शिवण, ना बटण, ना पट्टा. साडेचार मीटर लांबीचं एक पातळ सुती कापड, एवढीच मी. खांद्यांवरून घेऊन, फुली करून कमरेशी गाठ मारली की माझ्यात बाळ बसतं; गाठ सोडली की मी पुन्हा कापड. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. मधला एक भाग सांगावा की नाही, हे तर अजून ठरलेलं नाही. पण तो वगळला तर बाकीच्याला काही अर्थ उरत नाही.

माझा जन्म एका अडचणीतून झाला. ज्या म्हाताऱ्या विणकराने मला विणलं, त्याच्याकडचं सूत त्या वेळी कमी पडलं होतं. माग रिकामा ठेवायचा नाही म्हणून त्याने धागे लांब लांब लावले आणि मला विरळ विणलं. दुकानदाराने मला उजेडात धरलं, तर माझ्यातून त्याला विणकराचा अख्खा चेहरा दिसला.

"आजोबा, हे कापड आहे की मासे धरायचं जाळं?"

विणकर ओशाळला. पण मग त्याने मला तोंडासमोर धरून जोरात फुंकर घातली. पलीकडे दुकानदाराच्या कपाळावरचे केस उडाले. "जाळं तर जाळं," विणकर म्हणाला, "उन्हाळ्यात आठवण काढाल."

दुकानदाराने मला घेतलं नाही ते नाहीच. शेवटी एका हातगाडीवाल्याने घेतलं. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. गिऱ्हाईक आलं की तोही मला तोंडासमोर धरून फुंकर घालून दाखवी. अशीच एकदा ती फुंकर एका लहान बाळाच्या तोंडावर गेली. दोन महिन्यांचं ते बाळ डोळे मिचकावून हसलं, आणि त्याच्या आईने मला विकत घेतलं. अर्धा डझन रुमालांच्या भावात मी त्या घरची झाले.

ते घर म्हणजे एक लाँड्री होती. पुढे गिऱ्हाइकांसाठी फळी, मधल्या खोलीत इस्त्रीची दोन टेबलं, मागे अंगणात हौद, दोऱ्या आणि खळीचं मोठं पातेलं. बाळाचे बाबा तीनचाकी सायकलवरून गाठोडी आणत आणि पोचवत. आई इस्त्री करी. आणि पातेलं सांभाळी बाळाची आत्या. ती बाबांची थोरली बहीण. तिने खळ घातलेली चादर टेबलावर उभी ठेवली तर उभी राहते, असं लोक गमतीने म्हणत.

त्या उन्हाळ्यात मी फार सुखात होते. सकाळी आई मला पाण्यात बुडवून घट्ट पिळून घेई. मी ओलसर असतानाच ती मला अंगाभोवती बांधी आणि बाळाला छातीशी बसवी. बाळाचं तोंड तिच्या हनुवटीखाली, उघडं, पापी घेता येईल इतकं जवळ. वारा माझ्यातून आत जाई, घाम बाहेर येई. शेजारच्या बायका विचारत, "इतक्या उन्हात पोर रडत नाही, करतेस तरी काय?" आई हसून मला दाखवी. तिघीजणींनी तर भोंग्याकडून तसलंच कापड मिळतंय का म्हणून चौकशीही केली.

बाळाची एक खोड होती. झोप लागताना त्याला माझा काठ मुठीत धरायला लागे. डावीकडचा, गाठीपासून वीतभर वरचा. मूठ सैल झाली की आईला कळे, झोपला.

इस्त्री तापलेली असली की मात्र बाळाला पुढे ठेवता येत नसे. मग आई त्याला पाठीवर घेई आणि दर चार-दोन कपड्यांनंतर मागे हात नेऊन त्याचं तोंड चाचपून पाही.

आता तो मधला भाग.

एके दिवशी शाळेच्या बाई त्यांच्या साड्या न्यायला आल्या. बाळाकडे बघून त्या सहज म्हणाल्या, "साऱ्या गावाला कडक इस्त्री, आणि घरचं पोर असल्या चोळामोळा फडक्यात!"

आई हसली. आत्या हसली नाही. तिला ते फार लागलं. संध्याकाळी मी दोरीवरून उतरले, तेव्हा तिने मला उचललं आणि खळीच्या पातेल्यात घातलं. एकदा नाही, दोनदा. मग सकाळी मला अशी इस्त्री केली, की माझ्या घड्यांचा करकर आवाज येऊ लागला.

मित्रांनो, हे तिने मायेने केलं. तिच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं, ते तिने मला दिलं. पण माझ्या धाग्यांमधली ती सगळी बारीक भोकं, विणकराच्या अडचणीतून मिळालेली, खळीने बुजून गेली.

त्या दिवशी एका मोठ्या खाणावळीचे टेबलक्लॉथ दुपारपर्यंत द्यायचे होते. सकाळची घाई, म्हणून आईने मला भिजवलं नाही. "वन्सं, केवढी नवी दिसतेय हो ही!" एवढं म्हणून तिने मला बांधलं आणि बाळाला पाठीवर घेतलं. अंगणातून ये-जा करताना ऊन लागू नये म्हणून माझं मोकळं टोक त्याच्या डोक्यावरून ओढलं. एरवी मी मऊ असते. टोक घसरून बाळाचं तोंड आपोआप उघडं पडतं. त्या दिवशी मी ताठ होते. ठेवली तशीच राहिले.

आत ऊब वाढत गेली. बाळ आधी कुरकुरलं, पण इस्त्रीच्या वाफेच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने माझा काठ धरला, नेहमीच्या जागी, नेहमीपेक्षा घट्ट. आईने एकदा मागे हात नेला, तो माझ्या कडक टोकाला लागला. तिला वाटलं, झोपलाय. फळीपाशी उभी असलेली एक शेजारीण म्हणाली, "काय शहाणं बाळ आहे गं! आवाज म्हणून नाही."

बाळाचा घाम थांबला, तेव्हा मला कळलं. मी ओरडू शकत नव्हते. मला फाटायचं होतं. नवं कापड आपसूक फाटत नाही, मित्रांनो, कितीही वाटलं तरी.

मग मूठ सैल झाली.

आईने गाठ सोडली तेव्हा दुपार झाली होती. बाबांनी गाठोडी रस्त्यावर टाकून सायकल दवाखान्याकडे पिटाळली. आई मागे बसली होती, बाळाला हातांवर घेऊन. मी तिच्या खांद्यावरून लोंबत होते. संध्याकाळी आम्ही परत आलो, तेव्हा आईचे हात रिकामे होते.

मला कोणी धुतलं नाही. धुवायला कोणी धजलंच नाही. दुसऱ्या दिवशी आईने माझी घडी घालायला घेतली आणि ती थांबली. खळ घातलेल्या कापडाचा एक गुण असतो, पडलेली घडी ते सोडत नाही. माझ्या डाव्या काठावर चार बारीक चुण्या पडल्या होत्या, एवढ्याशा बोटांच्या. तिने त्यांना धक्का लागणार नाही अशी घडी घातली आणि मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

तीन वर्षं मी त्या अंधारात होते. अधूनमधून झाकण उघडे. कधी आई येई. ती मला हात लावत नसे, फक्त काठाकडे बघत बसे. कधी आत्या येई. ती त्या चुण्या बघून झाकण इतक्या हळू लावी, की आत कोणीतरी झोपलंय असं मलाच वाटे. दोघी एकमेकींच्या नकळत येत. आत्याने त्या दिवसानंतर खळीचं पातेलं चढवलं नव्हतं. गिऱ्हाइकं कुरकुरत, काही तुटली. आईने तिला कारण विचारलं नाही.

मग एक दिवस बाहेरून नव्या बाळाचा आवाज आला. मुलगी होती. आणि पुन्हा उन्हाळा होता.

ट्रंकेत बसूनही घरातल्या बोलण्यातून मला बाहेरचं सगळं कळत होतं. आई मुलीला अंगाशी बांधतच नव्हती. पाळण्यात ठेवी आणि दर दोन मिनिटांनी इस्त्री टाकून बघायला धावे. झोपलेल्या पोरीला हलवून जागं करी, ती रडली की मगच आईचा श्वास खाली बसे. आईला झोप नाही, पोरीला झोप नाही. दोघी वाळत चालल्या. बाबांनी दुकानातून एक जाडजूड पट्ट्यांची, आत स्पंज भरलेली पिशवी आणली. पोरीला त्यात घातलं, तर घटकाभरात तिच्या पाठीवर घामोळं उठलं.

"अहो, ही थंडीत घालायची गादी आहे," दवाखान्यातल्या नर्सबाई बाबांवर रागावल्या. "पातळ सुती कापड बांधा. मूल पुढेच घ्या, तोंड दिसू द्या, हनुवटी छातीत रुतू देऊ नका. आणि काही झालं तरी तोंडावर पांघरूण नाही. आईच्या अंगाशी राहू दे हो तिला. दोघींनाही त्याची गरज आहे."

बाबांनी भोंग्याची गाडी गाठली. पण विणकर आता विणत नव्हता, आणि गाडीवर सगळं चकचकीत, घसरतं कापड. भोंग्यानेच फुंकून दाखवलं आणि मान हलवली.

त्या दुपारी ट्रंक उघडली. या वेळी दोघीही समोर होत्या.

"दुसरं कुठलं तरी बघू," आत्या घाईघाईने म्हणाली. "शेजारच्या गावात मिळेल. हिला राहू दे."

"का हो वन्सं?"

"हिची खळ काढायची तर धुवावी लागेल. धुतली की..." आत्याने त्या चार चुण्यांकडे बोट केलं. "खळ मी घातली होती, पोरी. कोणी सांगितलं नव्हतं. मीच."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "इस्त्रीवाली आहे मी, खळ मला कळत नाही का? आणि डोक्यावरून टोक मी ओढलं होतं. ते तुम्ही पाहिलं होतंत. तुम्ही बोललात का कधी?"

पाळण्यात पोर रडायला लागली. आईने मला उचललं. काठावरच्या चुण्यांवर तिने आपली बोटं ठेवली, एकेका चुणीत एकेक. तिची बोटं त्यात मावत नव्हती.

"त्याने केव्हाच सोडली मूठ," ती म्हणाली. "मीच धरून बसलेय."

तिने मला स्वतः धुतलं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघालं. दुसरंही. आत्या हौदातून पाणी काढून देत होती आणि डोळे दंडाला पुसत होती. सहाव्या पाण्याला खळ गेली. चुण्याही गेल्या. मला वाटलं, आता माझ्यात त्याचं काहीच उरलं नाही.

दोरीवरून काढून आईने मला तोंडासमोर धरलं. पलीकडे आत्याने हाताचा तळवा धरला. आईने फुंकर घातली.

"लागली?"

"लागली गं," आत्या म्हणाली. "हळू फुंकलंस तरी लागली."

आई मला बांधू लागली. पहिली गाठ सुटली, दुसरीही. तिसरी आत्याने बांधली. पोरीला छातीशी बसवलं, तोंड उघडं, हनुवटी वर. मग आत्या इस्त्रीच्या टेबलापाशी गेली आणि आईच्या जागी उभी राहिली. "आजपासून इस्त्री माझी. तू पुढे बसून घड्या घाल. पोर पाठीवर जाता कामा नये."

"वन्सं, तुमचा हात सपाट कापडावरचा. गिऱ्हाइकांच्या बाह्या जाळाल."

"जाळीन. शिकेन."

तिने खरंच एक बाही जाळली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी मोठ्याने हसलं. आणि त्या आवाजाने न दचकता पोरगी झोपून गेली. झोपताना तिने माझा काठ धरला. कुठला, ते सांगू? डावीकडचा, गाठीपासून वीतभर वरचा. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आता ती पोरगी शाळेत जाते. मी झिरझिरीत झाले आहे, वजन पेलवत नाही. आईने मला फेकलं नाही. इस्त्रीच्या खोलीच्या खिडकीवर पडदा म्हणून लावलं. दुपारी आत्या माझ्यावर पाणी शिंपडते, मग माझ्यातून गार वारा येतो. पण कधी कधी भर दुपारी वारा एकदम पडतो, आणि माझ्या डाव्या काठावर चार बारीक चुण्या उमटतात. आपोआप. कोणीतरी धरल्यासारख्या. बाकी कोणाच्या लक्षात येत नाही. आत्या मात्र इस्त्री उभी करून ठेवते, जवळ येते आणि त्या चुण्यांवर हात धरून उभी राहते. त्या उलगडेपर्यंत.

मित्रांनो, मी जुनी आहे, फार शहाणी नाही. माझं सांगणं थोडंच आहे. कोणाला मायेने गुंडाळायचं असेल तर आधी त्या कापडातून फुंकर घालून बघा, पलीकडे पोचते का. आणि उन्हाच्या दिवसांत एखादं बाळ फार शांत दिसलं, तर त्याचं कौतुक करण्याआधी जरा वाकून त्याचं तोंड बघा. तेवढं कोणी त्या दुपारी केलं असतं तर तो आज तुमच्याएवढा असता.