उतारावर ऊन येईपर्यंत

सुरतेत, गोडादऱ्याच्या खोलीत साड्यांची थप्पी सर्रकन कोसळली आणि उषाबाईच्या हातातला झाडू थांबला.

चूक सून छायाची. खडे लावून झालेल्या साड्यांवर तिनं प्लास्टिक अंथरलं आणि वर नव्या साटीनच्या साड्या रचल्या. सकाळी नुसता झाडूचा धक्का लागला, तर वरचा थर एका दमात खाली. खालच्या साड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"माय वो," उषाबाई म्हणाली, "गायत्रीच्या डोंगराचं असंच ना?"

गायत्री तिची नात, कॉलेजच्या पोरांबरोबर हिमाचलात गेलेली. आखाजीच्या सणाला परत येणार म्हणून छायानं झोक्याची दोरीही आणून ठेवली होती. आत्ताच पोरीचा फोन येऊन गेला. जुना बर्फ उन्हानं पाघळून पुन्हा काचेसारखा कडक झालाय आणि रात्री त्यावर गुडघाभर नवा पडलाय. वाटाड्या ताशी म्हणतो, आज थांबा. पण म्होरक्या श्रीरंगला घाई. शेवटी ताशी वैतागला, जायचं तर आत्ता. एकदा उतारावर ऊन आलं, की वरचा बर्फ सुटतो, मग मी एकालाही पाऊल टाकू देणार नाही.

उषाबाईनं फोन लावला. "पोरी, जाऊ नको. इथं थप्पी कोसळली."

"थप्पी?" गायत्री हसली. "आजी, मागं तापीतल्या मगरीनं तुझा डबा उघडून भाकरी खाल्ली होती."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"तेव्हाही असंच म्हणालीस! चल, बूट घालतेय."

झाली का पंचाईत! जन्मभर थापा मारल्या, आता खऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. उषाबाई उठली, बसली, पुन्हा उठली. मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं, जा बाई. पण तुझे आजोबा असेच घसरले होते, तेवढं ऐकून जा. स्पीकरवर टाक."

"आजी, लवकर हं."

"सचिन गावच्या कारखान्यात साटीनचे गुंडाळलेले ताके रचलेले, पार छताला टेकलेले. तुझ्या आजोबांनी खालचा ओढला. वरचे सगळे आले ना अंगावर! पण माणूस दबला नाही. एका ताक्यावर मांडी घालून बसला आणि दारातून सुटला तो थेट हायवेला."

तिकडं कोणीतरी खिदळलं.

"ताका उलगडत चाललाय आणि आजोबा पुढं पुढं. मागून वरात आली. नवरदेवाला वाटलं, आपल्यासाठीच अंथरलंय! घोडा साटीनवर चढला आणि तोही घसरला. ऊन आलं का गं तिकडं? थंडी असेल म्हणून विचारते."

"वरच्या टोकाला आलंय," गायत्री म्हणाली. "मग?"

"मग काय, पुढं आजोबा, मागं घोडा, त्यामागं बँडवाले बसूनच वाजवतायत. पलसाण्याला पोलिसानं हात केला. म्हणे, लायसन्स?"

"आजी, निघायचंय आम्हाला!" हा श्रीरंग.

"निघ की बाबा. लायसन्स घोड्याकडं होतं, तेवढं ऐकून निघ."

पोरं फुटलीच. छाया दारात डोळे वटारून उभी. उषाबाईच्या डोक्यात पुढचं काहीच नव्हतं, तरी जीभ चालूच. घोड्यानं लायसन्स दाखवलं. फोटो नवरीचा निघाला. नवरी रुसली. तिला मनवायला...

"धूप आ गई," लांबून जाड आवाज आला. "अब कोई नहीं जाएगा."

पोरं चुकचुकली, श्रीरंग करवादला आणि फोन कटला.

उषाबाई साटीनच्या ढिगातच बसली. एक साडी उचलायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. छायानं चहा ठेवला, त्यावर साय धरली. फोन लावावा तर लागेना. पोरांनी ताशीचं ऐकलं असेल ना? की मागून पळाली असतील?

फोन वाजला.

"आजी." पोरीचा आवाज अगदी बारीक. "तो उतार आला खाली. अख्खा. आम्ही तंबूपाशीच होतो. आवाज अजून कानात आहे."

"सगळे आहेत ना?"

"सगळे. श्रीरंग रडतोय." मग म्हणाली, "आजी, बोल ना काहीतरी. पुढं काय झालं आजोबांचं?"

उषाबाईनं तोंड उघडलं. घोडा, नवरी, पोलीस, सगळे कुठं गेले कोण जाणे.

"काही नाही गं," ती म्हणाली. "घरी आले. हातपाय धुतले, जेवले."