आधी विचारपूस

उंटांच्या तळावर निरोप धाडायचं सॅटेलाइटचं यंत्र आलं, तेव्हा सोराने ते कापडात गुंडाळून झोपडीत दुधाच्या भांड्यांशेजारी टांगलं. इतकी मोलाची वस्तू उघड्यावर कोण ठेवतो? यंत्र आपलं मुकं ते मुकंच. शेवटी म्हातारे तुमालकाका म्हणाले, "अरे शहाण्या, ते आभाळाशी बोलतं म्हणे. मग त्याला आभाळ दाखव की."

सोराने ते खडकावर नेलं, शेंडी वर करून धरलं. कधी नव्हे तो हिरवा दिवा लागला.

त्याचा जीव टांगणीला लागला होता. तिकडे वस्तीवर त्याची बायको बोकायो, दिवस भरलेली. गेल्या खेपेला मूल जन्मलं आणि गेलं, तेव्हाही हा असाच उंटांमागे लांब. तसंच दुसरं यंत्र वस्तीवर मेहुण्याकडे, वारियोकडे होतं. सोराने घाईघाईने लिहायला घेतलं, 'बोकायो कशी आहे?'

काकांनी त्याचा हात धरला. "नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट बायको? काय म्हणतील वस्तीवर?"

"काका, यात मोजकीच अक्षरं मावतात."

"मग चार निरोप जास्त पाठव."

झालं. माणसं सुखरूप? सुखरूप. उंट? शेळ्या? विहिरीचं पाणी? एकेक उत्तर यायला चहा उकळून निवेल एवढा वेळ. वरून वारियोही तितकाच चिवट, तोही सगळं उलटून विचारी. सोरा नुसता दातओठ खात होता.

"आता लेकरं," काका म्हणाले.

सोराचा अंगठा थांबला. वर्षभर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्यानेही कुणाला नाही.

"भीती वाटते, काका."

"वाटणारच. मी बसलोय ना इथे. विचार."

त्याने लिहिलं, 'लेकरं सुखरूप?' आणि डोळे मिटून घेतले.

यंत्र वाजलं. 'सुखरूप. रात्रभर रडून आता दूध पितंय. बोकायो ठणठणीत. तू विचारल्याशिवाय कसं सांगणार? सकाळपासून पोटात मावेना झालंय माझ्या.'

सोराने निरोप पुन्हा वाचला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. काका यंत्रावर वाकले.

"मुलगा की मुलगी? अरे, विचार ना लवकर."

सोराने डोळे पुसले.

"विचारतो, काका. पण आधी गाढवं राहिलीत."