मोऱ्यांच्या गालाचा रंग

गायकवाडकाकांच्या खोलीचं दार उघडलं की आधी थंडी बाहेर यायची, मग ओल्या कागदाचा वास आणि सर्वांत शेवटी काका. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या, दहाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेतली होती. घर काकांच्या मुलीचं, सुजाताताईचं. खाली वृक्षांच्या छायेत बारमाही ग्रीष्म अंग टाकून पडलेला असे, आणि वर हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ एसी सोळावर ठेवून, लोकरी टोपी कानांवर ओढून चित्रं रंगवत बसत. “बाबा, हे सिंगापूर आहे, अंटार्क्टिका नाही,” ताई रोज बजावायची. काका नुसते हसत. त्या हसण्याचं मला पहिल्यापासून भय वाटे, कारण हसताना ते माझ्याकडे बघत नसत. माझ्या खांद्यामागे कुणी उभं असावं, तसे बघत.

दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या एका मोहिमेत ते चित्रकार म्हणून गेले होते. तिथे ब्रशावरचं पाणी कागदाला टेकण्याआधीच गोठायचं. म्हणून काका पेन्सिलीने रेखाटन करायचे आणि जिथे जो रंग दिसला तिथे त्याचं नाव लिहून ठेवायचे. रंग भरायचे ते घरी परतल्यावर. पण परतल्यावर नोकरी आली, संसार आला आणि गठ्ठा ट्रंकेच्या तळाशी गेला. आता सवड होती तर नजर नव्हती. डोळ्यांवर साय धरलेली. रंग दिसत, पुसट पेन्सिल दिसत नसे. तेव्हा रविवारी दुपारी मी शाल पांघरून त्यांच्याशेजारी बसे आणि एकेक नाव वाचे. आभाळ, शिळं ताक. हिमनगाची सावली, मोरचूद. क्षितिज, कांद्याची आतली साल. माझा शब्द संपायच्या आत त्यांचा ब्रश नेमक्या रंगावर उतरलेला असे, आणि नव्या कोऱ्या कागदावर तो निर्मनुष्य, निःशब्द प्रदेश पुन्हा उजाडू लागे. न मावळणाऱ्या दिवसाला काल नसतो आणि उद्याही नसतो, असं ते एकदा म्हणाले होते. त्या खोलीत बसलं की मला ते पटायचं.

शेवटी गठ्ठ्यात एकच कागद उरला. मोरे. बिनतारी यंत्र सांभाळणारा, काकांचा तंबूतला सोबती. वादळात दोघे तीन दिवस तंबूत अडकले होते आणि मोरे तिथेच झोपेत गेला. परतल्यावर काकांनी साताऱ्याला त्याच्या पत्नीला सांगितलं होतं, “आदल्या संध्याकाळी मी त्याचं चित्र काढलं, छान गप्पा मारत होता.” तिच्याजवळ त्याचा तिथला एकही फोटो नव्हता. “भाऊजी, तेवढं चित्र पाठवा,” असं ती तेव्हापासून कळवत आली होती आणि काका आज-उद्या करत आले होते. त्या वर्षी तिने अंथरूण धरल्याचं समजलं, तेव्हा कुठे काकांनी तो कागद माझ्या हाती दिला.

मी वाचू लागले. टोपी, विटकरी. झोपायची पिशवी, शेवाळी. स्टोव्हची ज्योत, जास्वंद. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चहा घेतला नाही. त्याखाली पुन्हा: दुसराही तसाच. मग माझी नजर चेहऱ्यावर गेली. ओठ, जांभूळ. गाल, मेण. मिशीवरचे हिमकण, वितळत नाहीत.

तंबूत स्टोव्ह पेटलेला, चहा उकळतो आहे आणि नाकाखालचं हिम जसंच्या तसं. काकांनी जिवंत माणसाचं चित्र काढलंच नव्हतं.

“गाल?” काकांनी विचारलं.

“गव्हाळ,” मी म्हणाले.

ब्रश हवेतच थांबला. एसीची घरघर एवढी मोठी मी कधी ऐकली नव्हती. काका माझ्या खांद्यामागे बघत होते, आणि मागे वळून पाहायचं माझ्यात धाडस नव्हतं.

“गव्हाळ मी लिहिलं नव्हतं, अनघा,” ते हळूच म्हणाले. “मेण लिहिलं होतं. दोनदा चहा केला मी त्याच्यासाठी. दिसलं ते लिहीत गेलो, पण कळून घ्यायचं नव्हतं मला. तिला काय पाठवू मी?”

मला रडू फुटलं.

“तू वाचलंस तेच पुन्हा वाच,” काका म्हणाले.

“गाल, गव्हाळ,” मी वाचलं. “ओठ...” आणि पुढचा रंगही मीच सांगितला. काकांनी मिशी काळीभोर केली. एक कणही तिच्यावर ठेवला नाही. चित्र साताऱ्याला पोचलं तेव्हा मोरेवहिनी अजून होत्या. त्यांनी ते उशाशी लावून घेतलं आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, “निघताना होते, अगदी तस्से आहेत.”

त्यानंतर काका एसी लावेनासे झाले, आणि पुढच्या वर्षी गेले. पेन्सिलीचा तो मूळ कागद ताईने मला दिला; त्यावर काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही. तो अजून माझ्याकडे आहे. ऋतू नसलेल्या या गावात लाकूड कुजतं, पुस्तकांना बुरशी चढते, माणसं नोकरीचा पास संपला की निघून जातात. मोऱ्यांच्या मिशीवरचे हिमकण मात्र इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यात वितळलेले नाहीत.